पदवी आपली, पी.आर. परक्याच्या हाती

निकालाचे दिवस आले की आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. कोणाला जात पडताळणीचा अर्ज भरायचा असतो, कोणाला वसतिगृहाचा, कोणाला फ्रीशिपचा. हे तर नेहमीचेच. पण गेल्या काही वर्षांपासून त्यात एक नवा प्रश्न येऊन बसला आहे. "भाऊ, पोरगा कॅनडाले जातो म्हणते. शिकणं झालं की तिथं पी.आर. भेटते म्हणते. घराचे कागद ठेवले तर बँक लोन देईल काय?" इंदोरा, बेझनबाग, इमामवाडा, रामबाग, सगळीकडचे लोक हे विचारतात. कोणी रेल्वेतून निवृत्त झालेला, कोणी आयुध निर्माणीतला कामगार, कोणी ऑटो चालविणारा. पोराच्या हातात एजंटचे गुळगुळीत रंगीत पत्रक असते. त्यावर कॉलेजाचे नाव लहान अक्षरांत आणि 'पी.आर.' ही दोन अक्षरे मोठी छापलेली असतात.

वाचक बंधू-भगिनींनो, आज याच विषयावर थोडे सविस्तर बोलू.

परदेशी शिकायला जाऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या समाजाचा उद्धारकर्ता न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून आला, त्या समाजाने परदेशी शिक्षणाला नाक मुरडणे शोभत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. मुलगा शिकायला चालला आहे की राहायला? दोन्ही हेतू एकत्र असू शकतात, त्यात पाप काही नाही. पण घरातला पैसा आपण कोणत्या हेतूवर लावतो आहोत, हे घरातल्या सर्वांना माहीत असले पाहिजे.

पी.आर. म्हणजे त्या देशात कायम राहण्याचा परवाना. ते नागरिकत्व नव्हे, पासपोर्ट भारताचाच राहतो. तेथपर्यंत पोहोचायला साधारणतः तीन पायऱ्या असतात. पहिली, विद्यार्थी व्हिसा. दुसरी, शिक्षण संपल्यावर काही काळ काम करण्याचा परवाना. तिसरी, पी.आर. या तिन्ही पायऱ्यांवर अर्ज वेगळा, फी वेगळी आणि अटीही वेगळ्या. मुख्य म्हणजे पहिल्या पायरीवर उभे असताना तिसऱ्या पायरीची हमी कोणीच देत नाही. कॉलेज देत नाही, दूतावास देत नाही. देतो तो फक्त एजंट. आणि कित्येक एजंटांचे कमिशन मुलाने प्रवेश घेतला की कॉलेजाकडून वसूल होते. पुढे पी.आर. मिळाला काय किंवा न मिळाला काय, त्याचे काही बिघडत नाही.

नियम कसे बदलतात ते कॅनडाच्या उदाहरणावरून पाहा. २०२३ पर्यंत तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याला राहण्या-खाण्यासाठी जवळ १०,००० डॉलर असल्याचे दाखवावे लागे. १ जानेवारी २०२४ पासून ही रक्कम २०,६३५ डॉलर झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर. फी आणि विमानाचे भाडे त्याखेरीज. २२ जानेवारी २०२४ रोजी तेथील सरकारने नव्या विद्यार्थ्यांच्या संख्येवरच मर्यादा घातली. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यासाठी भाषा परीक्षेचा निकाल जोडणे आवश्यक झाले आणि कॉलेजांतील डिप्लोमासारख्या अभ्यासक्रमांना ठराविक विषयांचीच अट लागली. नोकरीचे पत्र दाखविले की पी.आर.च्या गुणांत भर पडत असे, ते गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. मुळात वर्षाला किती लोकांना पी.आर. द्यायचा, तो आकडाच २०२४ च्या ४,८५,००० वरून २०२५ साठी ३,९५,००० वर आणला.

म्हणजे जो मुलगा २०२३ मध्ये डिप्लोमाला गेला, त्याने काही गुन्हा केला नव्हता. तो वर्गात बसून अभ्यास करीत होता आणि इकडे दरवाजाच लहान होत गेला. त्या देशाच्या सरकारला दोष देऊन उपयोग नाही. आपल्या दाराची रुंदी ठरविण्याचा अधिकार त्यांचाच आहे. पण जो दरवाजा दुसऱ्याच्या मर्जीने लहान-मोठा होतो, त्याच्या भरवशावर आपण आपले घर गहाण टाकावे काय, हा विचार आपण करायचा.

इतर देशांतही हीच गोष्ट. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसाची फी ७१० डॉलर होती, ती १ जुलै २०२४ पासून १,६०० आणि १ जुलै २०२५ पासून २,००० डॉलर झाली. शिक्षणानंतरच्या व्हिसाची वयोमर्यादा बहुतेकांसाठी ५० वरून ३५ वर्षांवर आली. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या एक वर्षाच्या एम.ए., एम.एस्सी.ला जाणाऱ्याला बायको-मुले सोबत नेता येत नाहीत. शिक्षणानंतर तेथे दोन वर्षे राहून काम शोधता येई. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी हा काळ १८ महिन्यांचा ठरविला आहे. आणि नोकरीच्या वाटेने कायम राहण्यासाठी जी वर्षे मोजतात, त्यांत विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षे धरत नाहीत.

अमेरिकेत तर गंमतच आहे. तेथे विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीत 'शिक्षण संपल्यावर मी परत जाईन' हेच अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. एजंट राहायचे स्वप्न विकतो आणि मुलगा खिडकीवर परतीची भाषा बोलतो! पदवीनंतर १२ महिने काम करता येते; विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित असे विषय असतील तर आणखी २४ महिने. पुढे नोकरीच्या व्हिसासाठी वर्षाला ८५,००० ची मर्यादा आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. नोकरीवरून कायम राहण्याच्या परवान्यात एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे.

त्या मानाने जर्मनीचा व्यवहार सरळ आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. मात्र वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी बंद खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातून दरमहा ठराविक रक्कम काढता येते. पदवीनंतर काम शोधायला १८ महिने मिळतात. तेथलीच पदवी असेल आणि त्या शिक्षणाला साजेशी नोकरी दोन वर्षे केली, पेन्शनचे हप्ते भरले, जर्मन भाषा आली, तर कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. वाट बरी आहे, पण ती चालायला जर्मन शिकावे लागते आणि पदवीचे गुण चांगले लागतात. नुसते पैसे भरून तेथे भागत नाही. म्हणूनच कदाचित रंगीत पत्रकांत जर्मनीपेक्षा दुसरे देश जास्त दिसतात.

आता पैशाकडे वळू. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, तेव्हा आकडेमोड केल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. मानू या, २५ लाखांचे कर्ज काढले. व्याज ११ टक्के. दोन वर्षे शिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष हप्त्याला सवलत. पण सवलत हप्त्याला असते, व्याजाला नसते. तीन वर्षांचे साधे व्याज झाले ८ लाख २५ हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज ३३ लाख २५ हजार. ते दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा हप्ता सुमारे ४५,८०० रुपये. दहा वर्षांत बँकेत जातील जवळजवळ ५५ लाख. मुलाला तिकडे चांगली नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. पण व्हिसा संपला आणि तो नागपुरात परत आला, तर २५-३० हजारांच्या नोकरीत ४५ हजारांचा हप्ता कोठून भरणार? मग बँकेची नोटीस बापाच्या नावाने येते.

आपल्या लोकांची अडचण आणखी एक आहे. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात. आपल्यापैकी कित्येकांची घरे झोपडपट्टीच्या जागेवर, पट्ट्याची, किंवा आजोबांच्या नावाची. बँक असे कागद सहजासहजी घेत नाही. मग माणूस खासगी फायनान्सकडे जातो, प्रॉव्हिडंट फंड काढतो, सावकाराचे दार ठोठावतो. आणि तिकडे पार्ट टाईम काम करून पोरगा फी काढील, अशी स्वतःची समजूत घालतो. कॅनडात शिक्षण चालू असताना आठवड्याला २४ तास, इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास एवढेच काम करता येते. त्यात फार तर खोलीचे भाडे आणि पोट निघेल. फी निघत नाही.

येथे मायबहिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आमच्या पाहण्यातल्या एका घरी मुलाच्या परदेशासाठी प्लॉट विकला आणि त्याच वर्षी मुलीला नर्सिंगला पाठवायला पैसे नाहीत म्हणून घरी बसविले. मुलगी मुलापेक्षा हुशार. त्या प्लॉटच्या पैशात तिचे शिक्षण होऊन वर शिल्लक उरली असती आणि नोकरी नागपुरातच मिळाली असती. घराचे कागद काढण्यापूर्वी घरातल्या मुलीला कोणी विचारले काय? घर तिचेही आहे.

फसवणुकीचा धोका वेगळाच. २०२३ मध्ये पंजाबातून कॅनडाला गेलेल्या कित्येक विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट निघाली. शिक्षण संपवून पी.आर.चा अर्ज केला, तेव्हा कोठे त्यांना ते कळले, आणि देशातून काढण्याच्या नोटिसा हातात पडल्या. एजंटला पुढे तेथील न्यायालयात शिक्षा झाली, पण मुलांची वर्षे गेली ती गेलीच. तेव्हा प्रवेशपत्र आले की मुलाने स्वतः विद्यापीठाच्या कार्यालयाला ई-मेल लिहून खात्री करून घ्यावी. फी एजंटच्या खात्यात कधीच भरू नये, विद्यापीठाच्या खात्यात भरावी. अर्जातला प्रत्येक शब्द मुलाने स्वतः वाचून मगच सही करावी. एजंटने खोटे लिहिले तरी सही मुलाची असते आणि शिक्षाही मुलालाच होते.

या ठिकाणी बाबासाहेबांची आठवण होणे साहजिक आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात उतरले, तेथूनही बाहेर काढले गेले. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून ५,००० रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ पर्यंत डी.एस्सी. आणि बॅरिस्टर या दोन्ही पदव्या त्यांनी मिळविल्या.

'बाबासाहेब परत आले, तू का येत नाहीस?' असा टोमणा गरिबाच्या पोराला मारण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. आम्हाला त्यातला व्यवहार दिसतो. शिष्यवृत्ती संपली, नोकरी गेली, राहायची जागा गेली. पण जे शिकून आणले होते, ते कोणाला काढून घेता आले नाही. आणि दुसऱ्या खेपेला ते निघाले तेव्हा आधी स्वतःची कमाई साठविली, उसने घेतले ते बाकी पडले तेवढेच.

आपल्या विदर्भातील डॉ. नामदेव निमगडे यांचे उदाहरणही मुलांना सांगण्यासारखे आहे. साठगावसारख्या खेड्यात जन्म, घरी मजुरी, आणि शाळेत पहिल्यांदा गेले ते वयाच्या चौदाव्या वर्षी. तेथून शिकत शिकत अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मृदाशास्त्र, म्हणजे मातीचे शास्त्र, या विषयात त्यांनी १९६२ मध्ये पीएच.डी. मिळविली आणि दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत काम केले. मुंबईच्या गोदी कामगाराचे चिरंजीव डॉ. नरेंद्र जाधव यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून १९८६ मध्ये पीएच.डी. घेतली, रिझर्व्ह बँकेत मोठ्या पदावर काम केले आणि पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या दोघांच्या विद्येला तिकडेही मोल होते आणि इकडेही.

काही तरुण आम्हाला स्पष्टच विचारतात, "भाऊ, इथे राहून करायचे काय? आडनाव ऐकले की भाड्याने खोली मिळत नाही. तिकडे कोणी जात तरी विचारत नाही." त्यांच्या मनातली जळजळ आम्ही समजू शकतो. जो तिकडे स्थायिक झाला तो समाजाचा गुन्हेगार, असे आम्ही मानत नाही. त्याने तिकडून चार मुलांना वाट दाखविली तरी पुष्कळ झाले. पण जात तिकडे नाही, हे मात्र खरे नाही. अमेरिकेतील सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा केला. रोग नसता तर औषध कशाला लागले असते? जिथे आपल्या देशाची माणसे गेली, तिथे त्यांच्या पेटीतून जातही गेली. तेव्हा जायचे तर विद्येसाठी जा. जात चुकवायला जाल तर निराश व्हाल.

आणि परत येणाऱ्याचे काय? एक मुलगा एम.एस्सी. करून दोन वर्षांनी परत आला. पदवी चांगली, गुण चांगले, फक्त काम करण्याचा परवाना संपला. वस्तीत लोक विचारू लागले, "हाकलून देलं काय रे तुले?" बापाने पौर्णिमेला विहारात येणे बंद केले. असे बोलणे ऐकण्यापेक्षा काही मुले तिकडेच मुदत संपल्यावर लपून राहतात, कमी पैशात राबतात, आजारी पडली तरी दवाखान्यात जायला भितात. त्यांना तिकडे अडकवून ठेवण्यात आपल्या जिभेचाही वाटा आहे. शिकून परत आलेल्या मुलाला विहारात बोलवा, त्याच्या हस्ते दहावीच्या मुलांना वह्या वाटा. तो हरून आलेला नाही, पदवी घेऊन आला आहे.

आता उपयोगाचे सांगतो. घर न विकता परदेशी शिकण्याची वाट आहे, पण तिची मोठी जाहिरात कोठे लागत नाही. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. एम.ए., एम.एस्सी. वगैरे आणि पीएच.डी.साठी. पदवीला किमान ६० टक्के गुण, वय ३५ च्या आत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश जगातील पहिल्या ५०० विद्यापीठांत. १९९० च्या दुरुस्तीपासून केंद्राच्या सवलती बौद्धांनाही लागू आहेत. मात्र शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले असेल, तर केंद्राच्या नमुन्यातले जात प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. ऐन वेळी धावपळ करून ते मिळत नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ७५ विद्यार्थ्यांना मिळते. अर्ज पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयाकडे जातो. त्या वर्षीच्या अटी जाहिरातीतूनच वाचाव्यात, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

शिष्यवृत्ती म्हणजे हातात आलेला पैसा, असेही समजू नका. २०२५ मध्ये केंद्राच्या यादीत १०६ जण निवडले गेले, पण सुरुवातीला ४० जणांनाच पत्रे मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असे सांगण्यात आले. तेव्हा दोन-तीन ठिकाणी अर्ज करावेत. आणि शिष्यवृत्तीच्या करारपत्रात शिक्षणानंतर परत येण्याबाबत काय लिहिले आहे, ते सही करण्यापूर्वी वाचावे. बाबासाहेबांनीही करारावर सही करूनच बोटीत पाय ठेवला होता.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला आम्ही दोन प्रश्न विचारतो. ज्या कॉलेजाला सरकार शिष्यवृत्ती देत नाही, त्या कॉलेजाला तुम्ही घर का देता? आणि पी.आर. मिळालाच नाही, तर हे शिक्षण नागपुरात चार घास देईल काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल तर बेलाशक जावे, आमच्या शुभेच्छा आहेत. पी.आर. मिळाला तर तो वरचा नफा समजावा. उत्तर 'नाही' असेल, तर एजंटला आगाऊ रक्कम देण्याआधी एक महिना थांबावे. महिनाभरात कोणतेही विद्यापीठ पळून जात नाही.

ज्यांना यंदा शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा असेल, त्यांनी जात प्रमाणपत्र, पडताळणीचा कागद, उत्पन्नाचा दाखला, सर्व गुणपत्रिका आणि पासपोर्ट यांच्या दोन-दोन प्रती काढून ठेवाव्यात. पासपोर्ट नसेल तर त्याचा अर्ज आजच करावा. जयभीम.